तोट्यातलं दुकान आणि अंधारात ठेवलेली माणसं

काउंटरमागची
'दुकान अडचणीत असताना सोडून जाणारे कर्मचारी संधिसाधू असतात, पगार लांबला तरी त्यांनी कळ काढायला हवी' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कपड्यांच्या दुकानात बरीच वर्षं काढली. शेवटी शेवटी काय होतं ते पाहिलंय. आधी गेलेल्यांच्या जागा भरणं थांबतं, मग नवा माल येईनासा होतो. रॅक रिकामे दिसू नयेत म्हणून त्याच घड्या आम्ही ऐसपैस पसरून लावायचो. हवा तो साइज नसला की गिऱ्हाइकाची बोलणी आम्हालाच, आणि विक्री पडली की 'तुम्हाला विकता येत नाही' हेही आम्हालाच. काही विचारलं तर 'अफवांवर विश्वास ठेवू नका'. एका सकाळी शटरला कुलूप. माझ्या सोबतच्या मुलीने त्या शब्दावर विसंबून हातात आलेली दुसरी नोकरी सोडली होती. तिच्या डोक्यावर घराचा हप्ता होता. तिला काय सांगाल?

दुसरी_पिढी
पोस्ट माझीच आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. दुकान डगमगतंय ही बातमी फुटली की पुरवठादार उधारी बंद करून रोख मागतात. रोख नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही. सगळ्यांत चांगला विक्रेता सगळ्यांत आधी जातो. वर्षभरात सावरलं असतं ते दुकान पंधरा दिवसांत बसतं आणि उरलेल्या सगळ्यांची नोकरी जाते. मी घर गहाण टाकून पगार केलेत. ते कोणी लिहीत नाही.

खातेवही
तुमचं घर गहाण पडलं, मान्य. पण बुडणाऱ्या प्रत्येक दुकानामागे असा मालक नसतो. टॉईज आर अस ही खेळण्यांच्या दुकानांची अमेरिकी साखळी २००५ मध्ये गुंतवणूक कंपन्यांनी विकत घेतली आणि त्या खरेदीचं कर्ज दुकानांच्याच माथी मारलं. २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद झाली, सुमारे ३३,००० नोकऱ्या गेल्या. कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं तेव्हा कुठे त्यातल्या दोन कंपन्यांनी मिळून २ कोटी डॉलर बाजूला काढले. ब्रिटनमधली बीएचएस ही दुकानांची साखळी २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली, पुढच्या वर्षी बुडाली. ११,००० लोकांचं काम गेलं, पेन्शन फंडातली तूट ५७.१ कोटी पौंडांची होती.

दुसरी_पिढी
त्या गुंतवणूक कंपन्यांच्या रांगेत मला कशाला बसवता?

निळी_छत्री
बसवण्यावरून आठवलं. पगार राहू द्या, आधी माणसांना बसू तरी द्या! दहा दहा तास उभं राहून माझ्या आईच्या पायांच्या शिरा फुगल्या. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या लोकांना बसायची सोय देणारा कायदा केला. म्हणजे स्टूल द्यायलासुद्धा कायदा लागतो.

दुसरी_पिढी
बसलेला विक्रेता गिऱ्हाइकाला आळशी वाटतो. हे मी ठरवलेलं नाही, बाजाराने ठरवलंय.

निळी_छत्री
आल्डी या सुपरमार्केट साखळीचे कॅशियर बसूनच बिल करतात आणि ती अनेक देशांत चालते. गिऱ्हाइकाला रांग पुढे सरकलेली हवी असते, तुमचे पाय मोजायचे नसतात.

खातेवही
कॅशियर आणि फ्लोअरवरचा माणूस यांत फरक आहे. घड्या घालणारा बसून काय करणार?

निळी_छत्री
गिऱ्हाईक नसताना बसेल! तोट्यातल्या दुकानात दुपारभर कोण येतं? रिकाम्या दुकानात उभं ठेवणं ही निव्वळ मालकी दाखवणं आहे.

दुसरी_पिढी
आवाज खाली ठेवा. तुमच्या आईला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं, पण ते दुकान माझं नव्हतं. आमच्याकडे स्टूल आहेत.

काउंटरमागची
स्टुलावरून भांडून झालं असेल तर मूळ मुद्द्यावर या. उधारी बंद होते हे मलाही कळतं. पण तुम्ही पुरवठादाराची बाकी आधी फेडता, कारण तो माल थांबवू शकतो. आम्ही काही थांबवू शकत नाही म्हणून आमचा पगार थांबतो. म्हणजे आम्ही तुम्हाला बिनव्याजी कर्जच देतो, तेही न विचारता.

दुसरी_पिढी
...हे मला असं कोणी मांडून दाखवलं नव्हतं. बरं, एवढं मानतो: पुढचा पगार होणार नाही हे ज्या दिवशी मला कळेल, त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना कळायला हवं. त्याआधीच्या शंका मात्र मी बोलून दाखवणार नाही.

काउंटरमागची
आणि पीएफ? आमच्या पगारातून कापलेली रक्कम महिनोन्‌महिने भरलीच नव्हती, हे कुलूप लागल्यावर कळलं. तो पैसा दुकानाचा कधी नव्हताच. तुमच्याकडचा भरलेला आहे का, एवढंच सांगा.

दुसरी_पिढी
गेल्या महिन्याचा राहिलाय. या आठवड्यात भरतो.

काउंटरमागची
त्यांना सांगितलंत?