बॉब मार्लीच्या पुढे काय ऐकावं?

खर्जातला: मार्लीचा 'लेजेंड' हा गाण्यांचा संग्रह ऐकून झाला. पुढे काहीही लावलं की तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून सगळं एकसारखंच वाटतं. रेगेच्या घराण्यातल्या स्का, रॉकस्टेडी, डब या शैलींतलं आधी काय घ्यावं? शब्द कळले नाहीत तरी चालेल, मला वादन ऐकायला आवडतं.

ठेकाधर: फोनच्या स्पीकरवर ऐकताय का? मग एकसारखं वाटणारच. रेगेत गाण्याची ओळख बास गिटारच्या चालीत असते. गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर 'चक' करून गप्प बसते. बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची; इवल्याशा स्पीकरमधून ते येत नाही, नुसतं चक-चक उरतं. इक्वलायझरने बास फुगवलात तर आवाज फाटेल, बाकी काही नाही. साधे वायरवाले हेडफोन लावा.

मग मात्रा मोजा. वन ड्रॉप नावाच्या ठेक्यात ड्रमर सम मोकळी सोडतो आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर पडते. मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट यातला उस्ताद. मार्लीच्याच 'एक्झोडस' गाण्यात मात्र चारही मात्रांवर किक आहे, त्याला स्टेपर्स म्हणतात. हा फरक कानाला कळला की अर्धं काम झालं.

बी-साइड: वादनच हवं असेल तर जोडीने ऐका. बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (१९७५) आणि लगेच 'गार्वीज घोस्ट' (१९७६). दुसरा म्हणजे पहिल्याचाच डब: गाणं बरंचसं काढलेलं, बास-ड्रम पुढे, बाकीचं मधूनच येतं आणि एकोत विरतं. नंतर ऑगस्टस पाब्लोचा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'. मेलोडिकासारखं (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड) शाळकरी वाद्य इतकं गंभीर वाजू शकतं!

मधली सुट्टी: @बी-साइड, नवख्याला डब आधी नको. मूळ गाणं कानात नसेल तर काय काढलंय ते कळणार कसं? 'द हार्डर दे कम' या चित्रपटाचा साउंडट्रॅक (१९७२) घ्या. जिमी क्लिफ, टूट्स, डेसमंड डेकर, मेलोडियन्स एका जागी. बाराच ट्रॅक, त्यातही दोन गाणी दोनदा.

त्यानंतर मागे जा. स्कासाठी स्कॅटलाइट्स: वेग जास्त, जॅझमधून आलेले ब्रासवाले, डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन. १९६६च्या सुमारास वेग उतरला, ब्रास मागे सरला, बासला जागा मिळाली. ते रॉकस्टेडी, त्यात अल्टन एलिस चुकवू नका.

एक खबरदारी: स्वस्त संकलनांत जुनी गाणी त्याच गायकांनी पुढे कधीतरी पुन्हा गायलेली असतात. कीबोर्ड चकचकीत वाजला की समजा फसलात. स्टुडिओ वन किंवा ट्रेझर आइल हे लेबल बघून घ्या.

बी-साइड: जोडीने म्हटलं ते त्यासाठीच, आधी मूळ आणि मग डब. एकच रिडिम (गाण्याखालची बास-ड्रमची चाल) अनेकांनी वापरलेला ऐकायचा असेल तर 'स्टॅलग' शोधा: सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम' आणि टेनर सॉचं 'रिंग द अलार्म', दोन्हींखाली तोच आहे.

खर्जातला: हेडफोनवर 'एक्झोडस' लावलं. चार किक मोजता आल्या. आता साउंडट्रॅक, मग स्पिअरची जोडी. रेगेतून पुढे निघालेलं डान्सहॉल कधी?

मधली सुट्टी: शेवटी. वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' (१९८५) तिथलं दार. त्याचा बास कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्याचा आहे, वादक नाहीच. तुम्हाला कदाचित रुचणार नाही.