एमएक्स-५ वरून सेव्हन धाटणीची हलकी गाडी: किट कोणतं, स्प्रिंग किती, वायरिंगचं काय?

बिनदरवाजा

नमस्कार मंडळी. लोटस सेव्हनच्या धाटणीची किट गाडी बांधायची आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांवर, दारं नाहीत. भाग शक्यतो एकाच डोनर गाडीतून यावेत म्हणून पहिल्या पिढीची मझदा एमएक्स-५ धरली आहे, १.६ लिटर, ११५ अश्वशक्तीची. वेल्डिंग जमतं, पण चासी तयारच घेणार. रिकाम्या गाडीचं वजन ६०० किलोच्या आत हवं. वापर मुख्यतः रस्त्यावर, अधूनमधून ट्रॅकवर.

डोनरचे सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटी) जसेच्या तसे वापरणारं किट घ्यावं की स्वतःचे विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) असलेलं? डोनरच्या स्प्रिंग आणि ब्रेक चालतात असं काही जण म्हणतात, काही जण नेमकं उलट. बदलायचं तर आकडा काढायचा कसा? वायरिंग नवं करावं की जुनंच छाटावं? आणि पुढेमागे टर्बो बसवायचा असेल तर आत्तापासून कशाची सोय ठेवावी? ढोबळ सल्ल्यापेक्षा आकडे दिलेत तर जास्त उपयोग होईल.

नळीजोड

किटचा प्रकार आधी ठरवा, बाकीचं त्यामागून येतं. एक्सोसेटसारख्या किटमध्ये एमएक्स-५ चे पुढचे-मागचे सबफ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरसंच, थोडक्यात डिफ) हे सगळं एकमेकांना जोडलेलंच राहतं. वरची बॉडी उचलायची आणि त्या जागी नळ्यांची चासी बसवायची. काम लवकर होतं आणि सस्पेन्शनची भूमिती कारखान्यातून आलेली असल्यामुळे चुका कमी होतात. पण ते सबफ्रेम सुमारे एक टनाच्या गाडीसाठी घडवलेले आहेत, त्यामुळे ६०० च्या आत येणं अवघड. तुमची वजनाची अट खरी असेल तर दुसरा प्रकार घ्या: इंजिन, गिअरबॉक्स, डिफ, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) डोनरचे, विशबोन आणि डॅम्पर (शॉक अॅबसॉर्बर) किटचे.

या दुसऱ्या प्रकारात एक जागा नीट तपासा. एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सला मागे स्वतःचं माउंटिंगच नसतं. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफचं नाक यांना जोडणारी अॅल्युमिनिअमची लांब चौकट दोघांनाही धरून ठेवते. ती काढली की शेपटीला आधार आणि डिफच्या नाकाला आवर, दोन्ही चासीवरच हवेत. विकणाऱ्याकडून त्या दोन्ही ठिकाणांचे जवळून काढलेले फोटो मागवा. नाक सैल राहिलं तर क्लच सोडताच ते वर उचलतं, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि गाडी थरथरत सुटते.

शाफ्ट कापून छोटा करावा लागेल. दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे आणि एकमेकांना काट देणारे हवेत, प्रत्येकी १ ते ३ अंश. शून्य अंशही नको, कारण मग जॉइंटमधल्या सुया हलत नाहीत आणि एकाच जागी खाच पाडतात. दोन्ही योक (जॉइंट धरणारी चिमट्यासारखी टोकं) एका रेषेत ठेवून वेल्ड करा, बॅलन्स त्यानंतर.

डोनर घेताना क्रँक पुलीवरच्या खाचा मोजा. चार असतील तर क्रँकचं नाक आखूड आहे. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत ते सापडतं आणि त्यात चावीची खाच झिजून पुली डुगडुगायला लागते. आठ खाचांचं इंजिन निवडा. १.६ आणि १.८ चे भाग मिसळायचे असतील तर डिफ, त्याचे हाफशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट असा अख्खा संच एकाच गाडीचा घ्या. १.६ चं डिफ लहान आहे, मोठ्याचे शाफ्ट त्याला लागत नाहीत. तुमच्या वजनाला लहान डिफ पुरेसं आहे.

पैसे देण्याआधी तशाच चासीत, नेहमीचे बूट घालून, बसून पाहा. क्लच आणि बोगद्याची (गिअरबॉक्सवरच्या मधल्या उंचवट्याची) भिंत यांच्यामध्ये डावा पाय टेकायला जागा नसणं ही या गाड्यांची सगळ्यात मोठी तक्रार आहे, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. नोंदणीचे नियमही चासीच्या आधी, लेखी विचारून घ्या. डोनरचं वय, एक्झॉस्टची मर्यादा, बाहेर आलेल्या कडांची गोलाई हे सगळं त्यात येऊ शकतं.

बारा_तेरा

स्प्रिंग आणि ब्रेकबद्दल. डोनरचा प्रत्येक भाग एक टन वजन गृहीत धरून बनलेला आहे. वजन ४० टक्के उतरलं की ते गृहीतक सगळीकडेच मोडतं, म्हणून "सगळं जसंच्या तसं चालतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

स्प्रिंगचं गणित असं. गाडी ६०० किलो आणि चालक ८०, मिळून ६८०. पुढे ४८ टक्के धरले तर पुढच्या एका चाकावर १६३ किलो. त्यातून चाक, हब, ब्रेक यांचे २५ किलो वजा करा, कारण ते वजन स्प्रिंगच्या खाली आहे. उरले १३८. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी पुढे १.८ हर्ट्झची लय (स्प्रिंगवर सेकंदाला १.८ वेळा वर-खाली) ठीक बसते. चाकापाशी लागणारा कडकपणा म्हणजे वस्तुमान गुणिले (२ × पाय × हर्ट्झ) चा वर्ग, म्हणजे १३८ × १२७.९. उत्तर दर मिलिमीटरला सुमारे १७.७ न्यूटन.

हा आकडा चाकाचा झाला, स्प्रिंगचा नाही. स्प्रिंग काढून चाक ५० मिमी उचला आणि डॅम्पर किती आखडला ते मोजा. ३५ मिमी आखडला तर गुणोत्तर ०.७. त्याच्या वर्गाने भागायचं, कारण विशबोनच्या तरफेमुळे बल एकदा बदलतं आणि अंतर एकदा. १७.७ भागिले ०.४९ म्हणजे ३६ न्यूटन प्रति मिमी, पौंडांत सुमारे २०५ प्रति इंच. मागे लय थोडी जास्त ठेवा, २.० हर्ट्झ, म्हणजे उंचवट्यावरून गेल्यावर मागची बाजू पुढचीला गाठते आणि डोलणं लवकर थांबतं. मागे एका चाकावर १७७ किलो, स्प्रिंगखालचे ३० वजा, गुणोत्तर ०.८ धरलं तर तिथेही ३६ च्याच आसपास निघतं. स्प्रिंग सारखी आली म्हणून गणित चुकलं असं समजू नका. गुणोत्तरं वेगळी आहेत. डॅम्पर याच स्प्रिंगसाठी व्हॉल्व केलेले मागा. डोनरच्या वजनाचे डॅम्पर हलक्या गाडीला ओल्या रस्त्यावर उडवत नेतात.

ब्रेक. कॅलिपर आणि डिस्क डोनरच्या चालतात, त्या गरजेपेक्षा मोठ्याच आहेत. सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) मात्र बहुतेक वेळा बसत नाही आणि लागतही नाही. मग डोनरचा मास्टर सिलिंडर ठेवू नका. सर्वोशिवाय २२ मिमीच्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या व्यासावर) पाय दमतो. १९ मिमीचा बसवलात तर तेवढ्याच जोरात सुमारे ३५ टक्के जास्त दाब मिळतो. पॅडलची चालही तेवढीच वाढते, म्हणून ओळीत हवा अजिबात राहता कामा नये. पॅडलचं गुणोत्तर ५:१ ते ६:१. रेसचे कडक पॅड घेऊ नका, हलकी गाडी त्यांना तापवूच शकत नाही आणि थंड पॅड पकडत नाही.

ही गाडी बुटकी, त्यामुळे ब्रेक लावताना डोनरच्या मानाने कमी वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं जास्त काम करू शकतात. डोनरचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व मागचा दाब लवकर कापतो. तिथे हाताने जुळवता येणारा बसवा, पण सेटिंग असं ठेवा की कोरड्यात आणि ओल्यात, दोन्हीकडे आधी पुढचीच चाकं लॉक होतील. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

टायरमध्ये डोनरच्या दरवाजावर लिहिलेली हवा भरू नका. थंड असताना १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करा. थोडं जोरात चालवून आल्यावर टायरचा मध्य कडांपेक्षा गरम लागला तर हवा जास्त आहे.

आता बसवणीतल्या चुका. रबर-धातू चिकटवलेले बुश असतील तर विशबोनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडीची उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. पॉलियुरेथेनला ही अडचण नाही, त्याला ग्रीस लागतं. सुरुवातीच्या दोनशे किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढे नुसत्या नजरेने कळतं.

स्टिअरिंग रॅकची उंची चुकली तर खड्ड्यावर गाडी आपोआप वळते. स्प्रिंग काढून चाक वर-खाली ४० मिमी हलवा आणि टो (वरून पाहता चाक आत-बाहेर किती वळलेलं आहे) किती बदलतो ते मोजा. एक मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर रॅकखाली पातळ पत्र्या घालून किंवा काढून जुळवा. त्यानंतर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) पुढे उणे १.५ ते २ अंश, मागे उणे १ ते १.५, कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) ५ ते ६, पुढचा टो शून्य, मागचा एकूण २ मिमी आत. शेवटी चार काट्यांवर वजन, चालकाच्या वजनाची पोती सीटवर, अर्धी टाकी भरलेली, अँटी-रोल बार सुटा. पुढचं एक आणि त्याच्या तिरक्यातलं मागचं मिळून एकूण वजनाच्या ५० टक्के येईपर्यंत स्प्रिंगच्या रिंगा फिरवा.

अर्थवायर

वायरिंग जुनंच छाटा, पण इंजिन डोनरमध्ये चालू स्थितीत असताना प्रत्येक कनेक्टरला खूणचिठ्ठी लावा. इंजिन बाहेर काढल्यावर दोन सारखे कनेक्टर ओळखता येत नाहीत. ईसीयू (इंजिनाचा संगणक), मुख्य रिले, इंधन पंपाचा रिले, चार्जिंग आणि दिवे ठेवा. काचा, सेंट्रल लॉक, रेडिओ यांच्या तारा मुळापर्यंत मोकळ्या करा, मधूनच कापू नका. एक-एक सर्किट काढलं की इंजिन चालू करून पाहा. सगळं एकदम काढलं तर नेमकं काय तुटलं ते शोधण्यात फार वेळ जातो.

अर्थिंगकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. डोनरमध्ये दिव्यांचं अर्थिंग बॉडीच्या पत्र्यातून होतं. इथे मडगार्ड आणि नाक फायबरग्लासचं, त्यातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ-तार लागते. चासीला पावडर कोटिंग असतं, तेही वीज अडवतं. जोडाच्या जागी धातू चमकेपर्यंत खरवडा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. इंजिनपासून चासीपर्यंत जाड पट्टा विसरलात तर स्टार्टरचा प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

कूलिंगमध्ये या इंजिनाची एक खोड आहे. मूळ एमएक्स-५ मध्ये रेडिएटरचं पाणी इंजिनाच्या पुढूनच आत येतं आणि पुढूनच बाहेर जातं. मागून फक्त हीटरची वाट आहे. हीटर नको म्हणून ते मागचं तोंड बंद केलं तर चौथ्या सिलिंडरपाशी पाणी जवळजवळ थांबतं. एकतर हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून फिरती ठेवा, किंवा थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेऊन गरम पाणी तिथूनच रेडिएटरला द्या. ट्रॅकवर जायचं असेल तर दुसरा उपाय करा. नाक इंजिनापेक्षा खाली असल्याने हवा हेडमध्ये अडकते, म्हणून एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच जागी ठेवा आणि हेडपासून तिच्यापर्यंत बारीक नळी सतत चढती न्या. रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने बंद करा, नाहीतर आत आलेली हवा जाळीला वळसा घालून निघून जाते.

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर जमिनीला लागू नये म्हणून आखूड केलं जातं. पिकअपही (तेल ओढणारी नळी) तितकाच कापून तळापासून ६ ते १० मिमी अंतर ठेवा आणि चेंबरमध्ये झडपांचे आडवे पत्रे हवेत. चिकट टायरवर लांब वळण घेतलं की तेल एका बाजूला चढतं, पिकअप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. तेलदाबाचा दिवा मोठा आणि डोळ्यांसमोर लावा, काट्याचं मीटर वळणात कोणी पाहत नाही.

बिनदरवाजा

आभारी आहे, स्प्रिंगचं गणित नीट कळलं. टर्बोबद्दल कोणी बोललं नाही. शिवाय कोणी तरी मोटरसायकलचं इंजिन सुचवलं आहे, त्याचं काय?

नळीजोड

मोटरसायकलचं इंजिन हलकं असतं आणि गिअर एका ओळीत पडतात, पण रिव्हर्स नसतो आणि खालच्या फेऱ्यांना ओढ कमी. वाहतुकीत अर्धवट दाबलेला क्लच लवकर झिजतो. फक्त ट्रॅक असता तर विचार केला असता. तुमचा वापर रस्त्यावरचा आहे, एमएक्स-५ चंच ठेवा.

टर्बोसाठी आत्ता करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. या इंजिनाचा एक्झॉस्ट डावीकडे आहे आणि स्टिअरिंग डावीकडे असेल तर त्याचा दांडाही तिथूनच जातो. दांड्याची वाट ठरवतानाच टर्बोची जागा कागदावर काढा, नंतर दांडा हलवणं म्हणजे जॉइंटसकट सगळं नवं. चेंबर आखूड करायला काढाल तेव्हा तेल परतीच्या नळीसाठी तोंडही वेल्ड करून घ्या आणि बूच लावून ठेवा. रेडिएटरपुढे इंटरकूलरसाठी (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीसाठी) ६० मिमी मोकळे सोडा.

आधी टर्बोशिवाय चालवा असं मात्र आग्रहाने सांगेन. ११५ अश्वशक्ती आणि ६०० किलो म्हणजे टनाला १९० च्या वर. केटरहॅम १७० मध्ये ६६० सीसीचं सुझुकी टर्बो इंजिन आहे, ताकद ८४ अश्वशक्ती, वजन ४४० किलो, आणि भागाकार तुमच्याच आकड्याला येऊन टेकतो. टर्बो आला की इंटरकूलर, नळ्या आणि उष्णतेचे पडदे मिळून पुढच्या चाकांवरचं वजन वाढतं, मग स्प्रिंगचं वरचं गणित आणि काट्यावरची जुळणी पुन्हा करावी लागते. त्याऐवजी लहान बॅटरी, हलकी चाकं आणि हलकं फ्लायव्हील यांपासून सुरुवात करा. चाकांतला प्रत्येक किलो स्प्रिंगखालचा असल्याने त्याचा फायदा वळणात आणि खड्ड्यात लगेच जाणवतो.

बारा_तेरा

एक राहिलं. हार्नेसचे (रेसिंगच्या सीटबेल्टचे) खांद्यावरचे पट्टे खांद्यापासून मागे जाताना आडव्यापेक्षा फार तर २० अंश खाली उतरावेत. पट्टे थेट खाली जमिनीला बांधले तर धडकेत ते पाठीचा कणा दाबतात. रोल बारला त्या उंचीवर आडवी नळी नसेल तर चासीची ऑर्डर देतानाच मागून घ्या. पावडर कोटिंग झाल्यावर वेल्डिंग करायला कोणी तयार होत नाही.