आठ खाटांचा आयसीयू, सिम्युलेशन लॅब नाही: स्टाफचं ट्रेनिंग जागेवरच कसं बसवायचं?

इन्चार्ज_आयसीयू

तालुक्याच्या गावातलं खासगी रुग्णालय. आयसीयूच्या ८ खाटा, ४ व्हेंटिलेटर. दिवसा तीन सिस्टर, रात्री दोन, सोबत एक मामा किंवा मावशी (वॉर्डबॉय, आया). आरएमओ (निवासी डॉक्टर) वरच्या मजल्यावर असतात. निम्म्या स्टाफकडे एसीएलएसचं (हृदय थांबल्यावरच्या प्रगत उपचारांच्या कोर्सचं) कार्ड आहे, बाकीच्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून थेट इथे लागलेल्या. कार्ड असूनही कोड लागला (पेशंटचं हृदय थांबलं) की दोघी ट्रॉलीपाशी आणि छाती दाबायला कोणी नाही, असं होतं. ॲड्रिनलीन किती वाजता गेलं हे नंतर अंदाजाने लिहिलं जातं.

मॅनेजमेंट म्हणतं कोर्सला पाठवा. एका वेळी एकीलाच सोडता येतं, आणि शिकून आलेली बरेचदा वर्षभरात मोठ्या शहरात जाते. कमरेपर्यंतचा एक जुना मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आहे. इथेच, ड्युटी सांभाळून काय शिकवावं, सुरुवात कुठून करावी, आणि बाहेरचे कोर्स कुणासाठी ठेवावेत?

भूलतज्ज्ञ_दक्षिण_महाराष्ट्र

सुरुवात कोडपासूनच करा, पण वर्गात नको. रिकाम्या खाटेवर मॅनिकिन ठेवा आणि तुमचीच ट्रॉली, तुमचाच डिफिब (शॉक देणारं मशीन) वापरा. आठवड्यातून एकदा, हँडओव्हर संपल्यावर १५ मिनिटं. कार्डाची मुदत २ वर्षं असली तरी हाताचं कसब काही महिन्यांतच उतरतं. म्हणून वर्षातून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा थोडं थोडं आणि वारंवार बरं.

रात्रीचा हिशोब धरून कामं वाटा, कारण दिवसा जमलेलं रात्री मोडतं. पहिली सिस्टर दाबायला लागते. दुसरी डिफिब लावते, मग आयव्ही आणि औषध. मामा फोन करतात, पाठीखाली बोर्ड सरकवतात आणि २ मिनिटांनी दाबायची पाळी घेतात. मामा-मावशींना कॉम्प्रेशन आलंच पाहिजे. रात्री तिसरे हात त्यांचेच असतात. आरएमओ आले की ॲम्ब्यू (हाताने पिळून श्वास देण्याची पिशवी) आणि नेतृत्व त्यांच्याकडे. तोवर दाबणारीच ३० नंतर थांबून २ श्वास देते.

हात बघताना: वेग मिनिटाला १०० ते १२० (मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावा), खोली ५ ते ६ सेंमी, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कुठलाही थांबा १० सेकंदांच्या आत. यात चुकतं ते बहुधा खाटेमुळे. एअर मॅट्रेस फुगलेली असेल तर बराच जोर गादीत जातो. तिची सीपीआरची पट्टी (गादीतली हवा झटकन सोडणारी) कुठे आहे आणि ओढल्यावर हवा निघते का, हे प्रत्येकीने स्वतः करून बघावं. उंची कमी असलेल्या सिस्टरसाठी पायाखाली स्टूल हवंच; कोपर वाकले की खोली गेली.

श्वासनलिकेत ट्यूब असेल तर ६ सेकंदांना एक श्वास, दाबणं न थांबवता. मोठ्यांची ॲम्ब्यू दीड लिटरच्या आसपासची असते आणि लागतात ५०० ते ६०० मिलि, तेव्हा एका हाताने, छाती उचलेल इतकंच. घाबरलेला माणूस दोन्ही हातांनी मिनिटाला तीसदा पिळतो. मग छातीतला दाब वाढतो, रक्त हृदयाकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेशनचा उपयोग घटतो. कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर तो लावूनच सराव करा: आकडा सतत १० च्या खाली असेल तर दाबणं कमी पडतंय, एकदम ३५-४० वर उडी मारली तर नाडी बघा.

औषधात गोंधळ नको. आपल्याकडचा ॲड्रिनलीनचा ॲम्प्यूल १ मिलि, त्यात १ मिग्रॅ. एक ॲम्प्यूल, एक सिरिंज, मागून २० मिलि सलाइन, पेशंटचा हात वर उचलायचा. दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा. शॉक देण्याजोगी लय नसेल तर पहिला डोस लवकरात लवकर. व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरतं तेव्हा) आधी शॉक. दुसऱ्या शॉकनंतर ॲड्रिनलीन, तिसऱ्यानंतर ॲमिओडॅरोन ३०० मिग्रॅ, गरज पडली तर पुढे १५०. वेळ लिहायला भिंतीवर पांढरा बोर्ड लावा. औषध देणारीनेच मोठ्याने "ॲड्रिनलीन एक, दोन वाजून दहा" म्हणायचं आणि मोकळा हात असेल त्याने लिहायचं.

बायोमेड_नाशिक

डिफिबबद्दल एवढंच. सरावात मुद्दाम सिंकचं बटण (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवणारं) चालू ठेवून बघा. व्हीएफमध्ये आर वेव्ह (ईसीजीवरचं ठोक्याचं टोक) सापडत नाही, त्यामुळे मशीन चार्ज होतं, बटण दाबलं तरी शॉक सुटत नाही, आणि सगळे म्हणतात मशीन बंद पडलं. हे एकदा हाताखालून गेलं की लक्षात राहतं.

टेस्ट रोज, प्लग काढून, बॅटरीवर. भिंतीच्या करंटवर पास होणाऱ्या मशीनची बॅटरी मेलेली असू शकते. किती जूलची टेस्ट ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे, पॅडल स्टँडमध्येच ठेवून. पॅडल हवेत धरून किंवा एकमेकांना लावून डिस्चार्ज कधीच करू नये. पॅडल वापरत असाल तर जेल भरपूर आणि प्रत्येकावर साधारण १० किलोचा दाब. तो किती असतो हे वजनकाट्यावर पॅडल दाबून समजतं, मशीन बंद ठेवून. बायफेजिक (दोन्ही दिशांनी करंट देणाऱ्या) मशीनमध्ये कंपनीने सांगितलेले जूल, बहुतेकांत १२० ते २००. माहीत नसेल तर त्या मशीनचे कमाल. आकडा मशीनवरच स्टिकर लावून लिहा. चार्ज होत असताना दाबणं चालूच ठेवायचं, "बाजूला व्हा" म्हटल्यावरच हात उचलायचे.

क्रिटिकल_नर्सिंग_ट्यूटर

कोड महत्त्वाचा खराच, पण माझ्या मते खाटेपाशी रोज होणारं नुकसान सिरिंज पंपात आहे. दुसऱ्या आठवड्यापासून तिकडे वळा.

नॉरॲडचा (नॉरॲड्रिनलीन, बीपी वाढवणारं औषध) ॲम्प्यूल हातात द्या आणि लेबल वाचायला लावा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. ऑर्डर बेसमध्ये आणि सिरिंज क्षाराच्या आकड्याने भरली, तर पेशंटला निम्माच डोस जातो. खरेदी विभागाने ब्रँड बदलला की लेबल लिहिण्याची पद्धतही बदलते. डायल्यूशन रुग्णालयात एकच ठेवा. उदाहरणार्थ ४ मिग्रॅ बेस ५० मिलिमध्ये, म्हणजे १ मिलित ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलो, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट: मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणजे ४.५ मिलि प्रति तास. हे गणित प्रत्येकीने कॅल्क्युलेटरवर दोनदा, वेगवेगळ्या वजनांनी करावं, मग तक्ता भिंतीवर लावावा. आधी तक्ता दिला की गणित कोणी करत नाही.

सिरिंज बदलताना बीपी का पडतं तेही करून दाखवा. पाणी भरलेली नवी सिरिंज पंपात बसवा, ४ मिलिवर चालू करा आणि नळीच्या टोकाशी पहिला थेंब कधी येतो ते घड्याळ लावून बघा. प्लंजर आणि पंपाचा दांडा यांच्यातली फट भरेपर्यंत पंप चालू दिसतो, औषध मात्र जात नाही. उपाय: जुनी संपायच्या आधी नवी भरून, लेबल लावून, पंपावर पर्ज करून (फट भरून थेंब येईपर्यंत पुढे सरकवून) तयार. दुसरा पंप असेल तर नवी आधी चालू, बीपी चढायला लागलं की जुनी बंद. पंपावर सिरिंजची कंपनी चुकीची निवडली तरी वेग चुकतो, कारण त्याच मापाच्या सिरिंजचा व्यास कंपनीगणिक वेगळा. त्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन "पुश" करणं म्हणजे नळीतलं नॉरॲड एकदम आत ढकलणं. हेही पाण्यात निळी शाई घालून दाखवता येतं.

पोटॅशियमचा १५ टक्के, १० मिलिचा ॲम्प्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. तो सलाइनच्या ॲम्प्यूलशेजारी ठेवलेला दिसला तर ट्रेनिंग बाजूला ठेवून आधी तो हलवा.

इन्चार्ज_आयसीयू

शाईची कल्पना उद्याच करते. दोन प्रश्न राहिले. मॉक कोड न सांगता घ्यावा का? आणि व्हेंटिलेटरचं काय, अलार्म वाजला की सगळ्या सायलेन्स दाबतात.

इन्टेन्सिव्हिस्ट_विदर्भ

अलार्मसाठी टेस्ट लंग (नकली फुप्फुस) लावा, नसेल तर ॲम्ब्यूची रिझर्व्हॉयर बॅग चालते. स्वतः खोड्या करा: सर्किट दुमडा, कनेक्टर ढिला करा, फिल्टर ओला करून बसवा. सिस्टरने आधी पेशंटकडे बघायचं, मग स्क्रीनकडे. सॅच्युरेशन पडत असेल तर सर्किट काढून १०० टक्के ऑक्सिजनवर ॲम्ब्यू, आणि क्रमाने: ट्यूब सरकली का, तुंबली का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साठणं) का, मशीनचा दोष का. ॲम्ब्यूने सहज हवा जाऊन पेशंट सुधारला तर दोष मशीन-सर्किटचा. ॲम्ब्यूही जड लागली तर ट्यूब किंवा छाती. ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंचचा सक्शन कॅथेटर, ७ ला १०; एक फेरी १५ सेकंदांच्या आत. ट्यूबच्या कफचा (टोकाजवळच्या फुग्याचा) दाब मॅनोमीटरने, २० ते ३० सेंमी पाणी. बोटाने फुगा दाबून अंदाज घेणं बंद करा.

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) उंचीवरून. टेप खाटेलाच बांधून ठेवा. १६५ सेंमीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन ६१.५ किलो, किलोला ६ मिलिने ३७० च्या आसपास. १५० सेंमीच्या बाईचं ४३, म्हणजे २६०. तिला सरसकट ५०० लावलेलं असतं, आणि सिस्टरला हा आकडा खटकला तर डॉक्टरांनाही विचारता येतं.

बाहेरचे कोर्स: मामा-मावशी, सुरक्षारक्षक, रिसेप्शन यांना इंडियन रेससिटेशन कौन्सिल फेडरेशनचा सीओएलएस पुरे, त्यात फक्त कॉम्प्रेशन. टिकून राहतील अशा एक-दोघींना इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा नर्सिंग डिप्लोमा, आयडीसीसीएन. बीएस्सी झालेल्या आणि पुढे याच वाटेने जाणाऱ्या सिस्टरसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे. पण तो २ वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, ड्युटी करून होणारा नाही. बाकीच्यांना एसीएलएस क्रमाने.

क्रिटिकल_नर्सिंग_ट्यूटर

न सांगता मॉक कोड पहिले तीन महिने नको. कामं पाठ झालेली नसताना असा कोड घेतला की भीती शिकली जाते. नंतर घ्या, पण खरे पेशंट स्थिर असतील तेव्हाच, आणि "ही खरी इमर्जन्सी" असा परवलीचा शब्द आधी ठरवून ठेवा, म्हणजे मध्येच कोणाचं बिघडलं तर सराव तिथेच थांबेल. चर्चा लगेच, सरावापेक्षा जास्त वेळ; कोण चुकलं यापेक्षा पहिलं कॉम्प्रेशन आणि पहिला शॉक कितव्या सेकंदाला गेला, यावर.

सरावाला मुदत संपलेले ॲम्प्यूल वापरताय तर लाल चिकटपट्टी लावा, वेगळ्या डब्यात ठेवा आणि सराव संपल्यावर मोजून परत घ्या. दहा गेले तर दहाच आले पाहिजेत. एक जरी ट्रॉलीत राहिला तर पुढच्या खऱ्या कोडला तोच हातात येईल. आणि ट्रॉलीचं सील तुटलंय, तेव्हा यादीप्रमाणे भरून नवीन सील लावल्याशिवाय सराव संपला असं धरू नका.

बायोमेड_नाशिक

सीटीला नेण्याचाही सराव घ्या. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला म्हणजे सुमारे १५०० लिटर. काटा निम्म्यावर असेल तर ७५०, १० लिटरच्या फ्लोवर ७५ मिनिटं. जाऊन-येऊन जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट ऑक्सिजन असल्याशिवाय खाट हलवायची नाही. चावी सिलिंडरला साखळीने बांधा. लिफ्टमध्ये सिलिंडर असतो, चावी नसते.