पावती फाटते, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका होतो का?

उतारू:
मागच्या महिन्यात घरी पावती आली. मर्यादा ८०ची, मी ९७ने. फोटोत गाडी माझी, नंबर माझा, वाद घालायला जागाच नव्हती. मुकाट दंड भरला. पुढचे तीन आठवडे असा शहाण्यासारखा चालवत होतो की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले. चौथ्या आठवड्यात एकदा काट्याकडे लक्ष गेलं तर पुन्हा ९५. बदल झाला तो एवढाच, की कॅमेरा नेमका कुठे आहे ते आता पक्कं ठाऊक झालंय. तो यायच्या आधी पाय उचलतो, मागे पडला की दाबतो.

आधी वाटलं, हा माझाच कोडगेपणा. पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या चालकांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात जवळपास माझीच गोष्ट आहे. वाहतुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या चालकाचा जीवघेण्या अपघाताचा धोका ३५ टक्क्यांनी कमी होतो. दुसऱ्या महिन्यात तो फरक ओसरतो आणि तिसऱ्या-चौथ्यापर्यंत उरतच नाही.

तर माझं मत सरळ आहे. दंडाने आणि परवान्यावरच्या पॉइंटांनी (गुन्ह्यागणिक नोंदले जातात, ठरावीक हद्द ओलांडली की परवाना जातो) चालक सुधारत नाही, सावध होतो. तेही थोडे दिवस आणि ठरावीक जागी. पटत नसेल तर बोला.

पादचारी:
सुधारायचंय कोणाला? मला रस्ता ओलांडायचाय. तुमच्या मनात कायद्याचा आदर आहे की कॅमेऱ्याची धास्ती, ते झेब्रा क्रॉसिंगवर उभं राहून मला दिसत नाही. गाडी थांबली की नाही एवढंच दिसतं.

आणि तो अभ्यास तुम्ही उलटा वाचताय. महिनाभर ३५ टक्के, हे थोडं झालं का? औषधाचा गुण महिनाभरच टिकतो म्हणून कोणी औषध सोडत नाही, पुढच्या महिन्यात परत घेतं. तुम्हाला पावत्या कमी पडतायत, असा त्याचा अर्थ.

सहावा_गिअर:
महिन्याला एक पावती! सरकारला कल्पना सुचवू नका हो.
उतारू, तो कॅमेरा कुठे आहे तेवढं सांगून ठेवा.

पादचारी:
@सहावा_गिअर, तुमचा प्रतिसाद पुरावा म्हणून जपून ठेवावा असा आहे.

आकडेमोड:
दोघांशीही अंशतः सहमत. 'दंड' म्हटलं की आपण रकमेवरच येतो, पण खरा प्रश्न पकडलं जाण्याचा आहे. यावर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांचं.

या मंडळींना दंडापासून संरक्षण होतं. पावती लागायची, पण वसूल कोणी करू शकत नसे. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत त्यांच्या न भरलेल्या पार्किंगच्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी देशवार हिशेब मांडला, तर कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या पावत्या माणशी सगळ्यात जास्त आणि नॉर्वे-स्वीडनच्या नावावर शून्य. मग २००२च्या अखेरीस शहराला अशा गाड्यांच्या राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायचा अधिकार मिळाला, आणि उल्लंघनं जवळपास ९८ टक्क्यांनी घसरली. माणसं तीच, संस्कार तेच, रस्ताही तोच. मध्ये फक्त जरब आली.

उतारू:
@आकडेमोड, नॉर्वे-स्वीडनवाल्यांचं काय मग? त्यांना कसलीच जरब नव्हती, तरी ते नीट गाडी लावत होते. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. वळण घरून लागलेलं असेल तर दंड लागत नाही.

आकडेमोड:
वळण लागलेल्यांचा प्रश्नच नाही. कायदा उरलेल्यांसाठी असतो, आणि रस्त्यावर आपण दोघंही उरलेल्यांत मोडतो. (मी स्वतः ९७ने गेलो नाही असं म्हणणार नाही.)

पण तुमच्या बाजूचंही एक देतो, म्हणजे एकांगी वाटायला नको. पॉइंट पद्धत बऱ्याच देशांनी आणली: फ्रान्सने १९९२मध्ये, इटलीने २००३मध्ये, स्पेनने २००६मध्ये. कुठे पॉइंट चढत जातात, कुठे आधी दिलेले कापले जातात. २०१२ साली स्पेनच्या दोन संशोधकांनी जगभरातल्या अशा अभ्यासांची गोळाबेरीज केली. पद्धत सुरू झाल्यावर अपघात १५ ते २० टक्के कमी होतात, आणि दीड वर्ष व्हायच्या आत तो परिणाम विरतो. का? नवा नियम आला की लोकांना वाटतं आता प्रत्येक वळणावर कोणीतरी उभं असणार. वर्षभर वाट पाहतात, कोणी दिसत नाही, मग कळतं की काठी भिंतीवरच टांगलेली आहे.

खडूस_काकू:
मुलांनो, रकमेचंही बोला जरा. दंड म्हणजे शिक्षा असं तुम्ही धरून चालला आहात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी ती फी असते.

इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २०००च्या सुमारास तो बराच गाजला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दहातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हावा ना? वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंसमोर ओशाळं वाटायचं, आता पैसे टाकले की हिशेब चुकता. आणि गंमत म्हणजे दंड काढून टाकल्यावरही उशीर पहिल्यासारखा झाला नाही. लाज एकदा विकली की परत घेता येत नाही.

रस्त्यावरही तेच बघते मी. गाडी आडवी लावतात आणि वर म्हणतात, 'फाडा पावती.' तो आवाज शिक्षा झालेल्या माणसाचा असतो का? म्हणून फिनलंडची रीत मला पटते. तिथे मोठ्या गुन्ह्याचा दंड माणसाच्या रोजच्या मिळकतीवर मोजतात. वेग जरा जास्त झाला म्हणून तिथल्या धनिकांना लाखभर युरोच्या पावत्या गेलेल्या आहेत.

सहावा_गिअर:
काकू, पाळणाघर आणि हायवे एका तागडीत? पाळणाघरातला दंड किरकोळ होता म्हणून तसं झालं. चांगला सणसणीत लावला असता तर सगळे आईबाप पाच मिनिटं आधी येऊन फाटकाशी उभे राहिले असते. दहापट करा दंड, मग बघा.

आकडेमोड:
दहापटीचं म्हणाल तर तेही तपासून झालंय. नॉर्वेच्या रूने एल्विक यांनी २०१६मध्ये दंडवाढीवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. दंड ५० टक्क्यांपर्यंत वाढवला तर उल्लंघनांवर काही परिणाम नाही. ५० ते १०० टक्के वाढवला तर सुमारे १५ टक्के घट. दुपटीच्या वर नेला तर उलट किंचित वाढच. माझा अंदाज असा की रक्कम डोळे फिरवणारी झाली की ती लावणाऱ्याचाच हात आखडतो. पोलीस समज देऊन सोडतो, चालक कोर्टात जातो, ओळख काढतो. कागदावर दंड वाढतो आणि हातावर पडायची शक्यता घटते.

उलट रस्त्यावर माणूस नसला तर काय होतं, तेही दिसलंय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २००३च्या फेब्रुवारीत पैशाअभावी महामार्गावरचे ३५ टक्के पोलीस कमी केले. दंडाचे आकडे तेच राहिले, पण जखमी आणि मृतांची संख्या लक्षात येण्याइतकी वाढली.

लांबपल्ला:
मी बावीस वर्षं मोठी गाडी चालवतो. तुम्ही सगळे शिकलेले, आकडे तुमच्याकडे, मी फक्त केबिनमधलं सांगतो.

माझ्या गाडीचा दंड मी भरत नाही, मालक भरतो. त्याच्या वहीत तो डिझेल आणि टायरच्या खालीच लिहिलेला असतो. पण माल चार तास उशिरा पोचला तर ते पैसे माझ्या हिशेबातून जातात. आता तुम्हीच सांगा मी कशाला घाबरायचं, कॅमेऱ्याला की घड्याळाला? एकदा पावसात मी हळू चालवली आणि उशीर झाला. मालक म्हणाला, पाऊस काय तुझ्या एकट्यावर पडला का.

लायसन्सचं मात्र वेगळं. ते गेलं की मालक दुसरा ड्रायव्हर शोधतो, माझ्याकडे दुसरा धंदा नाही. त्यामुळे पॉइंटला मी घाबरतो. पण हे पण लिहा की वेळेचं गणित बसवणारा दुसरा आणि लायसन्स जाणार माझं.

पादचारी:
लांबपल्ला दादा, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. मला वाटत होतं मीच कडक आहे, पण इथे शिक्षेचा नेम चुकतोय. वेळापत्रक आखणाऱ्याच्या परवान्यावर पॉइंट चढले पाहिजेत, मालवाहतुकीच्या परवान्यावर.

सहावा_गिअर:
आणि पॉइंट दुसऱ्याच्या नावावर ढकलायची सोय असते ते? ब्रिटनमध्ये एका बड्या राजकारण्याने २००३ साली वेगाच्या गुन्ह्याचे पॉइंट बायकोने घेतले असं दाखवलं होतं. पुढे तो मंत्री झाला, संसार मोडला, आणि बायकोनेच ते बाहेर काढलं. २०१३मध्ये दोघंही आठ-आठ महिन्यांसाठी आत. तीन पॉइंटसाठी मंत्रिपद, खासदारकी सगळं गेलं.

खडूस_काकू:
त्यातून कळतंच ना, पॉइंटचा धाक पैशापेक्षा मोठा होता. पैसे असते तर त्याने खिशातून काढून दिले असते आणि विसरला असता.

उतारू:
काकू, धाक होता हे मान्य. पण त्या धाकाने त्याने वेग कमी केला नाही, खोटं बोलला.

एल_बोर्ड:
ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणून जरा लांबण लावतो. माफ करा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत दोन जाती. एकाला परीक्षा पास व्हायची असते, दुसऱ्याला गाडी चालवायची असते. पहिल्याला तुम्ही दंडाची भीती घाला, तो दंड चुकवायला शिकतो. मी मुलांना एक गणित घालतो: ५०ने जाणारी गाडी आणि ७०ने जाणारी गाडी, धडकेची ताकद कितीने वाढली? सगळे म्हणतात, दीडपटीच्या आत. ती जवळजवळ दुप्पट असते, कारण वेगाचा वर्ग होतो. हे एकदा डोक्यात बसलं की काही मुलांचा पाय आपोआप उचलला जातो. सगळ्यांचा नाही, खोटं कशाला सांगू.

म्हणून मला दंडाऐवजी वर्गात बसवण्याची पद्धत बरी वाटायची. ब्रिटनमध्ये थोडा वेग ओलांडलेल्यांना दंड आणि पॉइंटऐवजी काही तासांचा वर्ग निवडता येतो. २०१८मध्ये त्याचा मोठा आढावा निघाला, मी हौसेने वाचायला घेतला. वर्गात बसलेल्यांपैकी ५ टक्के सहा महिन्यांच्या आत पुन्हा सापडले, दंड आणि पॉइंट घेतलेल्यांपैकी ७. तीन वर्षांनी तेच आकडे २१ आणि २३. म्हणजे फरक आहे, पण मी मास्तर म्हणून छाती फुगवावी एवढा नाही.

नव्या चालकांवर मात्र पॉइंट लागू पडतात असं माझं मत. ब्रिटनमध्येच परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की परवाना रद्द, परत शिकाऊपासून सुरुवात. जुन्यांना बारापर्यंत सूट. सवय पडायच्या आधी पकडा, असा तो हिशेब.

उतारू:
एल_बोर्ड, परवाना रद्द केला म्हणून माणूस घरी बसतो असं आपण सगळेच गृहीत धरतोय. परवाना नाही म्हणून गाडी सुरू व्हायची थांबत नाही, किल्ली तशीच फिरते. आणि मग ती गाडी विम्याशिवाय धावते, हे आणखी वाईट. त्यातून गरिबाचं वेगळंच. अमेरिकेत कित्येक राज्यांत दंड भरता आला नाही म्हणून परवाना निलंबित व्हायचा. परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून दंड भरायला पैसे नाहीत. कॅलिफोर्नियाने ही रीत २०१७मध्ये बंद केली. त्यात गाडी कशी चालवली याचा संबंध कुठे होता?

पादचारी:
तो दोष वसुलीचा. त्यावरून पॉइंट मोडीत काढता येत नाहीत. धोकादायक चालवण्याचे पॉइंट आणि थकबाकीचं निलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एका पोत्यात भरताय.

उतारू:
मान्य. ते उदाहरण मागे घेतो. किल्लीचं घेत नाही.

आकडेमोड:
किल्लीवर उत्तर आहे. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यांच्या गाडीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू न होणारं यंत्र बसवतात, तिथे विश्वासाचा प्रश्नच नाही. आणि तुमच्या 'कॅमेऱ्याआधी पाय उचलतो'वरही आहे: दोन ठिकाणी वेळ नोंदवून मधला सरासरी वेग काढणारे कॅमेरे. तिथे पाय उचलायचा तर पूर्ण पट्टाभर उचलावा लागतो.

दारूवरून आठवलं. ब्रिटनने १९६७मध्ये श्वास तपासणी आणली, मृत्यू झपकन खाली आले आणि काही वर्षांत परत चढले, कारण तपासणी फारशी होतच नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२पासून कोणालाही, कुठेही थांबवून तपासायला सुरुवात केली आणि त्याची जाहिरातही धडाक्यात केली. तिथली घट टिकली. शिक्षा दोन्हीकडे होती. दुसरीकडे प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणीतरी फुंकून आलेलं होतं.

उतारू:
हे मात्र विचार करायला लावणारं. माझ्या ओळखीत गेल्या वर्षभरात पावती आलेला मी एकटाच.
तरी माझं मत अर्धंच बदललंय. सरासरीवाला कॅमेरा लावा, मी पूर्ण पट्टाभर ८०ने जाईन. पट्टा संपल्यावर काय करीन ते मला आत्ताच माहीत आहे.

पादचारी:
पट्टा संपतो तिथे शाळा आहे का तेवढं बघून ठेवा.

लांबपल्ला:
माल भरून झाला, निघतो. माझ्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही अजून. चार तास उशीर झाला तर पैसे कापायचे की नाही, हा नियम कोणत्या कायद्यात बसतो? आकडेमोड साहेबांनी शोधून ठेवावं, रात्री थांबलो की वाचतो.