हीटिंग दिवसभर मंद ठेवायचं की लागेल तेव्हाच लावायचं?

रेडिंगची_वहिनी: इंग्लंडात हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली आणि आमच्याकडे दरवर्षीचं भांडण सुरू झालं. घर व्हिक्टोरियन काळातलं, भिंती भरीव विटांच्या, मधे पोकळी नाही. नवरा म्हणतो, थर्मोस्टॅट दिवसभर १८ अंशांवर असू दे, म्हणजे रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरला धाप लागत नाही. मी म्हणते, दोघंही ऑफिसात असताना भिंती कशाला शेकायच्या? सकाळी दीड तास, संध्याकाळी सहा ते दहा, बास. त्याआधी फटी बुजवा. मी दारातल्या टपालाच्या झडपेला ब्रश लावलाय आणि मागच्या दाराखाली जुन्या साडीची सुरळी. तिथून नुसतं वारं येत होतं.

लीड्सवाला: साफ असहमत. दोन हिवाळे मी हाच शहाणपणा केला. जानेवारीत कपाट सरकवलं तर मागची अख्खी भिंत काळी. हवा तासाभरात तापते, भिंत तापत नाही, मग सगळा दमटपणा तिच्यावर बसतो. जे गॅसमध्ये वाचलं ते रंगाऱ्याला दिलं.

रेडिंगची_वहिनी: कपडे कुठे वाळत घालायचात? रेडिएटरवरच ना? ते पाणी जाणार कुठे! कुकरच्या वाफेचंही तेच. बुरशीला थंड भिंत लागते हे मान्य, पण ओल आपणच पुरवतो. आणि धाप वगैरे सोडा. घरातून उष्णता जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या हिशोबाने. गळका माठ दिवसभर काठोकाठ भरून ठेवला तर पाणी जास्तच जाणार.

लीड्सवाला: हो, रेडिएटरवरच. नोव्हेंबरात इथे अंगणात कोण वाळवतं?

जुना_प्लंबर: तुम्ही दोघं तास मोजताय, बॉयलरमधून पाणी किती तापून निघतं ते कुणीच बघत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवलेले बहुतेक बॉयलर कंडेन्सिंग जातीचे. रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता आपल्याला मिळते. बसवणारा ७५-८० वर ठेवून जातो आणि आपण त्याला कधी हात लावत नाही. कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा बॉयलर, असेल तर हीटिंगचं बटण ६० वर आणा. गरम पाण्याची टाकी वेगळी असेल तर असं परस्पर करू नका, टाकीतलं पाणी जंतू मरावेत म्हणून ६० पर्यंत तापावंच लागतं. मात्र ६० वर रेडिएटर हळू तापतात, दीड तासात भरीव विटांचं घर उबदार होणार नाही. म्हणजे वहिनी, नवरा निम्मा बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं सांगतोय. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र, असता तर आणखी बरोबर ठरला असता, ते मंद आणि सतत चालवलेलंच बरं.

मिनेसोटाकर: तुमचे लाड आहेत राव. इथे बाहेर उणे २५ असताना हीटिंग बंद केलं तर नळ फुटतात. गावाला जातानासुद्धा आम्ही ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सियसच्या, खाली येत नाही. खिडक्यांना प्लास्टिकची फिल्म चिकटवतो आणि हेअर ड्रायरने ताणून बसवतो. दिसायला भिकार, पण फरक पडतो.

सांगलीची_सून: घरात म्हातारं माणूस असेल तर हा वादच नको. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ सांगते. सासूबाई गेल्या डिसेंबरात आल्या होत्या आणि आम्ही काटकसरीच्या नादात १६ वर. स्वेटर, मोजे, कानटोपी घालून सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “एवढ्या लांब येऊन घरातसुद्धा कानटोपी?” त्याच रात्री वाढवलं. बिलाचं बघू म्हटलं.

रेडिंगची_वहिनी: आमच्याकडे म्हातारं कुणी नाही, नवरा स्वतःला तसं समजतो एवढंच. असं ठरलंय: बटण ६० वर, एक आठवडा त्याच्या पद्धतीने, एक माझ्या, रोज रात्री मीटर वाचायचा.

लीड्सवाला: आणि तुमच्या आठवड्यात नेमकं ऊन पडलं तर?

रेडिंगची_वहिनी: तर मी सांगणार नाही.