मदत हवी आहे: 'नॉट इन' लावलं की एकही ओळ का येत नाही?

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी गावातल्या वाचनालयाची नोंदवही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये उतरवतेय. टेबलं दोन, 'सभासद' आणि 'देवघेव'. काही पुस्तकं तिथेच बसून वाचली जातात. त्यांचीही नोंद देवघेवमध्ये होते, पण वाचणारा सभासद असेलच असं नाही, म्हणून अशा ओळींत सभासद क्रमांक नल आहे, म्हणजे भरलेलाच नाही.

ग्रंथपाल काकूंना एकही पुस्तक न नेलेल्या सभासदांची यादी हवी आहे. मी लिहिलं:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम देवघेव);

उत्तर: शून्य ओळी. एररसुद्धा नाही. 'नॉट' काढलं तर पुस्तकं नेणाऱ्यांची यादी अगदी बरोबर येते. आतल्या क्वेरीत 'इज नॉट नल'ची अट घातली की हवी ती यादीही मिळते, त्यामुळे काम अडलेलं नाही. पण एका नलमुळे सगळीच नावं का गळावीत? संगणकशास्त्रज्ञ कॉड यांच्या १९७० च्या रिलेशनल मॉडेलचा (माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा) पाया संच आणि तर्कशास्त्र, असं शिकलोय. मग संचात नसलेला क्रमांक 'नाही' असा का ठरत नाही? तोंडी परीक्षेपुरतं पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १

प्रश्न फार चांगला विचारलास. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी अक्षरंही नव्हेत. किंमत माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरं किंवा खोटं येत नाही, 'अज्ञात' येतं. कॉड यांनीच १९७९ च्या लेखात हा तीन किमतींचा तर्क मांडला.

आता तुझी अट उलगडून बघ ('<>' म्हणजे 'समान नाही'). '७ नॉट इन (३, ५, नल)' म्हणजे ७ <> ३ आणि ७ <> ५ आणि ७ <> नल. खरं, खरं, अज्ञात. 'आणि'ने जोडल्यावर सगळं मिळून अज्ञात. व्हेअर फक्त 'खरं' ठरलेल्या ओळी ठेवतो, म्हणून ७ गेला. ३ तर ३ <> ३ खोटं असल्यामुळे जाणारच. उरलं कोण? साध्या 'इन'मध्ये मात्र तुलना 'किंवा'ने जोडलेल्या असतात, एक खरी निघाली की पुरे. म्हणून ती यादी बरोबर येते.

अशा ठिकाणी मी नॉट एक्झिस्ट्स वापरायला सांगेन:

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद स व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव द व्हेअर द.सभासद_क्रमांक = स.क्रमांक);

इथे जुळणारी ओळ सापडली की नाही एवढंच पाहिलं जातं. नलची ओळ कुणाशीच जुळत नाही आणि बाजूला राहते.

प्रतिसाद २

एक भर. चेकच्या बंधनात, म्हणजे कॉलममधल्या किमतीवर घातलेल्या अटीत, हाच 'अज्ञात' चालून जातो. 'दंड >= ०' असं बंधन घातलंस तरी दंड नल ठेवता येतो. तो नको असेल तर कॉलमला नॉट नल वेगळं लाव.

धागाकर्ती

दादा, 'आणि'ची साखळी कागदावर मांडून पाहिली, आता पटलं. मनापासून आभार! पण मग दोन नल एकमेकांशी समान ठरत नाहीत, तर समान किमतींच्या ओळींचे गट करणारा ग्रुप बाय सगळ्या नलचा एकच गट कसा करतो?

प्रतिसाद १

गट करताना आणि डिस्टिंक्टमध्ये (पुनरावृत्ती गाळताना) नल वेगळे मानायचे नाहीत, असं एसक्यूएलच्या मानकातच ठरवलंय. तिथे '=' लागत नाही. युनिकमध्ये (किंमत दुबार येऊ नये या बंधनात) मात्र प्रत्येक डेटाबेसची रीत निराळी: पोस्टग्रेस मुळात अनेक नल चालू देतो, एसक्यूएल सर्व्हर एकच. तुझ्या टेबलात दोन नलच्या ओळी घालून करून बघ.