मदत हवी आहे: डोक्याला मुका मार, सीटी नॉर्मल, पण पाच आठवड्यांनीही लेक पूर्ववत नाही

लेक 11 वर्षांची, सहावीत. पाच आठवड्यांपूर्वी खो-खोच्या सरावात खांबावर डोकं आपटलं. शुद्ध हरपली नाही, पण भांबावली होती. घरी आल्यावर दोन उलट्या. त्याच रात्री सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. टेंगूळ उतरलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

शाळा सुरू झाल्यावर कळलं. तिसऱ्या तासाला डोकं ठणकायला लागतं. वर्गात गलका झाला की कानांवर हात ठेवते. धडा वाचताना ओळ सुटते. सतराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलगी मधेच अडते आणि रडते. धाकट्यावर वसकन ओरडते, मग रात्री मलाच विचारते, "आई, मी अशी का वागते?" बाई म्हणतात, अभ्यास टाळते. रिपोर्ट स्वच्छ आहे, त्यांना दाखवू काय?

काल बालरोगतज्ज्ञांनी 'कन्कशन' सांगितलं, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड. सीटीत रक्तस्राव किंवा हाडाचा तडा दिसतो, मेंदूच्या कामातला बिघाड नाही. बहुतेक मुलं चार आठवड्यांत सावरतात, काहींना जास्त वेळ लागतो म्हणे. कुणी यातून गेलंय का? शाळेकडे नक्की काय मागायचं? पुढच्या महिन्यात संघनिवड आहे, ती जाण्यासाठी हट्ट धरून बसली आहे.

प्रतिसाद:
ताई, माझा मुलगा सायकलवरून पडला होता, तीन महिने लागले. कॅनडात 2016 साली सुमारे 3000 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार आठवड्यांनंतरही जवळपास 30 टक्के मुलांना त्रास होता. तेव्हा ती नाटक करत नाही, हे बाईंना ठामपणे सांगा. डॉक्टरांचं पत्र घेऊन अर्धा दिवस शाळा, मधे विश्रांती, चाचणीला जादा वेळ मागा. अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका, रोज थोडं चालू द्या. पण शाळा आधी, खेळ नंतर. पूर्ण दिवस त्रासाविना जमेपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान नकोच. बरं होण्याआधी दुसरा मार फार वाईट. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा उलट्या, गुंगी किंवा आकडी आली तर तडक रुग्णालय. चक्कर येते का तिला?

धागाकर्ती:
पत्र उद्याच मागते. चक्कर येते असं ती म्हणाली नाही कधी, पण हल्ली जिना उतरताना कठडा धरते. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलंच. तोल तपासायला कुणाकडे न्यायचं?